अकरावे प्रकरण

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९१. सकाळी सव्वानऊ.

सुमन,

तू गेलीस त्याला आज पाचवा दिवस. काशी काल दुपारी उमरोळीला परतली; तिच्या अंगणात नवे भात येऊन पडले आहे, तिला जाणे भाग होते. चिंचणीच्या या घरात आता मी आहे, आणि समोर टेबलावर तुझ्या कादंबरीचे अकरावे प्रकरण आहे. फुलस्केपची एकोणीस पाने. पलीकडे स्टोव्ह पेटता आहे. चहा होऊन अर्धा तास झाला. मी तो विझवलेला नाही.

तो का विझवला नाही, हे तुला सांगायचे आहे. तू होतीस तेव्हा बोलणे जमले नाही, म्हणून लिहितो.

सप्टेंबरात तुझ्या प्रकाशकांचे पत्र आले. कादंबरी घेतो, पण लांबली आहे. एक प्रकरण कमी करावे, कोणते ते कळवावे. तू तेव्हा पालघरच्या इस्पितळात होतीस. कावीळ डोळ्यांत उतरली होती. पत्र मी तुला वाचून दाखवले. तू म्हणालीस, "आप्पा, तुम्हीच ठरवा. माझ्याशिवाय ती अख्खी फक्त तुम्हीच वाचलीय."

मी त्याच दिवशी कळवले. अकरावे काढा. लेखिकेची तशी इच्छा आहे.

शेवटचे चार शब्द खोटे होते. त्यानंतर तू दोनदा विचारलेस, "कोणतं काढलंत?" पहिल्यांदा मी म्हणालो, डॉक्टर येत आहेत. दुसऱ्यांदा म्हणालो, घरी आलीस की सांगतो. तू घरी आली नाहीस.

काल प्रकाशकांचे दुसरे पत्र आले. त्यांना तुझे कळलेले नाही. लिहितात, सूचनेप्रमाणे अकरावे प्रकरण वगळले आहे, त्याची पाने सोबत परत पाठवीत आहोत, दहाव्यापर्यंत छपाईची जुळणी झाली आहे, पुढची या आठवड्यात धरू. या पानांची दुसरी प्रत नाही. तू कच्चे लिहायचीस ते तुझ्या बोईसरच्या कारखान्यातल्या रद्द लेबलांच्या पाठीवर, आणि पक्के झाले की ती लेबले बंबात घालायचीस. तेव्हा ही एकोणीस पाने स्टोव्हवर धरली, तर अकरावे प्रकरण कुठेच उरणार नाही. परत पाठवली, तर ते छापले जाईल आणि काशी ते वाचेल. तू गेल्यावर मला काशीखेरीज कोणी नाही.

तू माझ्या पोटची नव्हतीस. काशीही नव्हती. तुम्ही दोघी एकमेकींच्याही कोणी नव्हता. तरी तीस मैलांच्या टापूत कोणी विचारले असते, तर लोकांनी तुम्हाला सख्ख्या बहिणी आणि मला तुमचा बाप सांगितले असते. ते सारे माझ्या बायकोचे, माईचे कर्तृत्व. माझे म्हणून जे आहे, ते या एकोणीस पानांत आहे.

तुझी कादंबरी मला आवडली होती, हे मी तुला सांगितले नाही. परक्या घरात वाढलेल्या दोन बहिणी; थोरलीला एके दिवशी टपालाने एक गंजलेली कडी येते, सोबत चिठ्ठी नसते; मग धमकीची पत्रे सुरू होतात. पान उलटताना माझा हात घाई करीत असे. दर रविवारी तू सालवडच्या खोलीवरून यायचीस, पडवीत बसून वाचायचीस, आणि मी लाल पेन्सिल घेऊन ऐकत असे. मी एकदा धमकीच्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. तू कपाळाला हात लावलास. "आप्पा, तो धमकी देतोय. परीक्षेला नाही बसला." काशी माहेरपणाला आली होती; ती आतून ओरडली, "सुधरू दे ग! आप्पांच्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागते, पेन्सिल तरी चालू दे." त्या दिवशी मीही हसलो असेन.

मे महिन्यात अकरावे आले. तू ते वाचलेस आणि थांबलीस.

"रहस्यकथेत हे चालणार नाही," मी म्हणालो. "वाचक गुन्हेगार शोधतो आहे. तू त्याला पाणी पाजणारा माणूस काढून दाखवतेस."

"मालक वाईट आहे हे पहिल्याच पानावर लिहिलंय, आप्पा. त्यात रहस्य कसलं?"

"मग रहस्य कोणते?"

"पोरी पळून गेल्या होत्या ना? मग पुन्हा त्या खोलीत कशा आल्या?"

मी पेन्सिलीला टोक काढू लागलो. टोक होते.

"या माणसाला नाव का दिले नाहीस?" मी विचारले.

"तुम्ही सुचवा."

तुझा उजवा कान माझ्याकडे होता, ज्याने ऐकू येत होते तो. तू वाट पाहिलीस. अंगणात काशीची पोरे भांडत होती, ती भांडून थांबली, तोवर वाट पाहिलीस.

"इथे स्वल्पविराम राहिला आहे," मी म्हणालो.

"कुठं?"

मी दाखवला. तू तो घातलास.

बहात्तर सालचा उन्हाळा. दुपारी दोनचा सुमार. मी भिंग डोळ्याला लावून माळेच्या मण्याची डाय खोदत होतो. आमचे काम तुला ठाऊक आहे, पण हे जे वाचतील त्यांना ठाऊक नसेल. पोलादाच्या ठोकळ्यात नक्षी उलटी खोदायची. सोनार तिच्यावर पत्रा ठोकतो, मग ती सुलटी उठते. दारातला उजेड अडला म्हणून मी वर पाहिले. तू नऊ वर्षांची होतीस, काशी पाच. तिच्या पायात काही नव्हते. तुझ्या एका पायात चप्पल होती.

"आमाला लपवा," तू म्हणालीस. "तिकडं नका देऊ."

"कोणाच्या तुम्ही?"

तू त्या वाडीवाल्याचे नाव सांगितलेस. मी त्याला ओळखत होतो. तारापूरच्या वाटेवर चिकूची मोठी वाडी, देवळाच्या कामात पुढे, अनाथ पोरे सांभाळतो असा लौकिक. तुझी आई वारल्यावर तू त्याच्याकडे गेलीस. काशीचे आईबाप मनोरपलीकडच्या पाड्यावरचे. भात झोडून झाले की कामाला मुलूख सोडणारे. पावसापर्यंत पोरीला ठेवा म्हणून गेले, ते परतले नाहीत. एवढे सगळ्यांना ठाऊक होते. विहिरीवरची पंपाची खोली कोणाला ठाऊक नव्हती. ती तू मला सांगितलीस. "आत कोंडतो. बाहेरून कडी घालतो. काशी बोलायचीच बंद झाली."

मी ते ऐकले. तुम्हाला पितळी पेल्यातून पाणी दिले. हात धुतले. मग दोघींना एकेका हाताला धरून निघालो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. एका सोनाराची डाय दुसऱ्याच्या घरी राहता कामा नये. ती चुकून आपल्याकडे आली, कोणी विसरून गेले, तर त्याच दिवशी मालकाच्या हातात नेऊन द्यायची. तिच्यावर भिंग धरायचे नाही. काही विचारायचे नाही. माझ्या वडिलांनी भर पावसात डहाणूपर्यंत चालत जाऊन एक डाय परत केली होती, आणि ते मी लहानपणी इतक्या वेळा ऐकले होते की त्यापलीकडे प्रामाणिकपणा नसतो असे मला वाटे. त्या दुपारी मी तीच रीत पाळली. मनात शंका आली नाही, असे मी लिहिणार नाही. आली. मी तिच्यावर भिंग धरले नाही.

खाडीकाठच्या खाजणाच्या बांधापर्यंत तू बोलत होतीस. बांधावर गप्प झालीस. प्रकरणात तू लिहिले आहेस, "तो धाकटीच्या पावलाने चालत होता, त्याला घाई नव्हती." हे वाक्य तू मला वाचून दाखवलेस, तेव्हा आवाज चढवला नाहीस. मी आरडाओरड सहन केली असती.

मालकाने माझे आभार मानले. "बरं झालं, तुमच्यासारख्याच्या हाती लागल्या," म्हणाला. पंच्यात बांधून डझनभर चिकू दिले. मी ते घेतले. फाटकापर्यंत आलो आणि मागे कडी पडली. लोखंड कोयंड्यात बसल्याचा आवाज मला ओळखू येतो. माझे आयुष्य लोखंडात गेले. मी मागे वळलो नाही. संध्याकाळी माईने चिकू चिरले. आम्ही खाल्ले. गोड होते.

चिकूंचे तू लिहिले नाहीस. तू ते पाहिले होतेस. ते दिले तेव्हा तू दाराच्या आत उभी होतीस, कडी नंतर पडली. तरी एकोणीस पानांत ते कुठेही नाहीत. तुला ते आठवत नव्हते असे म्हणून पाहिले. ज्या मुलीला पाणी देणाऱ्याच्या नखांतली काळी रेघ आठवते, तिला चिकू आठवतात. तू ते गाळलेस. माझ्यासाठी गाळलेस, आणि मी तुझे अख्खे प्रकरण गाळले.

पुढे आठ महिने गेले. माई नारळ आणायला त्या वाडीवर गेली आणि रिकाम्या हाताने परतली. पदर कंबरेला खोचत म्हणाली, "त्या पंपाच्या खोलीत पोर रडतंय. मी आनायला चालले."

"दुसऱ्याच्या घरातले प्रकरण आहे," मी म्हणालो.

"तुमी तुमच्या डाया सांभाळा."

आळीतल्या चौघी बायका घेऊन ती गेली. दिवस मावळायच्या आत तुम्हाला घेऊन आली. तोवर तुझा डावा कान गेला होता. तू उंबरठ्यात उभी राहून माझ्याकडे पाहिलेस, आणि ओळखलेस. मला वाटले, आता बोलशील. तू माईचा पदर धरून आत गेलीस. माईला तू कधीच सांगितले नाहीस. मीही नाही. ती गेली तेव्हाही तिला ठाऊक नव्हते. वर्षाच्या आत तो मालक वाडी विकून निघून गेला, आणि गावात झाले ते असे: आप्पांनी पोरी सोडवल्या. मी ते कधी दुरुस्त केले नाही. लाल पेन्सिल हातात असणारा माणूस मी.

पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघराची कडी वाजली आणि तुम्ही दोघी पलंगाखाली शिरलात. दुसऱ्या दिवशी माईने घरातल्या साऱ्या दारांच्या बाहेरच्या कड्या माझ्याकडून काढवल्या. कामखोलीची राहिली. आत सोनारांच्या डाया असत, कुलूप लागे. तू त्या खोलीत कधीच आली नाहीस. रोज चहा उंबरठ्यावर ठेवायचीस: "आप्पा, चहा." मला वाटे, पोलादाचा कीस पायाला लागतो म्हणून. अकराव्या प्रकरणाच्या सतराव्या पानावर त्याचे कारण आहे. "थोरली त्या घरात वाढली, शिकली, हसलीसुद्धा, पण ज्या दाराला बाहेरून कडी होती, त्याच्या आत ती त्या माणसासोबत कधी उभी राहिली नाही."

हे वाक्य काशीने वाचू नये म्हणून मी ते चार खोटे शब्द लिहिले. माझी अब्रू हे कारण दुसरे. गाव काय म्हणेल ते मी ऐकून घेईन; मला थोडेच दिवस ऐकायचे आहे. पण काशी दर महिन्याला येते, माझे पांघरूण धुते, मला रागावते. तिने यायचे थांबवले तर या घरात माणसाचा आवाज उरणार नाही. म्हणून स्टोव्ह पेटता आहे.

तुझ्या अक्षरात वेलांटी मोठी येते. पहिल्या पानावर तिच्याभोवतीचा कागद रॉकेलच्या धगीने जरा पिवळा पडला आहे. इतके जवळ मी ते पान नेले होते, हे आत्ता दिसले.

स्टोव्ह विझवला. साडेदहाची एसटी आहे.

सायंकाळी सात.

बोईसरला उतरून आधी फोनच्या दुकानात गेलो. पत्र पोचायला दोन दिवस. तोवर बारावे जुळून जाईल. दुकानातल्या माणसाने चारदा नंबर फिरवला. "चाचा, लाइन नहीं लग रही. कल आना."

"उद्या नाही."

"अरे, कोई मर गया क्या?"

"हो," मी म्हणालो. तो फिरवत राहिला. सातव्या वेळी लागला.

पलीकडे कोणी बाई होत्या. मी कादंबरीचे नाव सांगितले. अकरावे परत घाला म्हणालो.

"अहो पण काढा म्हणून तुम्हीच कळवलंत ना? पत्र आहे आमच्याकडे."

"मी खोटे कळवले."

"म्हणजे? लेखिकेला फोन द्या बरं."

"ती शुक्रवारी वारली."

 मग त्या हळू बोलल्या. जुळणी परवापर्यंत थांबवते. मूळ पाने रजिस्टरने पाठवा. आणि का काढलं होतं, का घालायचं, ते तुमच्या सहीनं लेखी द्या, मालक विचारतील.

पोस्टाच्या फळीवर उभे राहून लिहिले. "अकराव्या प्रकरणातला माणूस मी आहे. ते वगळण्याची इच्छा लेखिकेची नव्हती, माझी होती. त्यात एकही शब्द बदलू नये." सही केली. पाने मोजून पाकिटात घातली, डिंक लावला, पाकीट खिडकीतून आत दिले. कारकुनाने शिक्का मारला. ते माझ्या हातून गेल्यावरच उमरोळीची गाडी धरली. आधी काशीकडे गेलो असतो, आणि ती "नका छापू" म्हणाली असती, तर मी तेवढ्यावर परत फिरलो असतो. मला मी ठाऊक आहे.

काशी अंगणात सुपाने भात पाखडत होती.

"आप्पा! एवढ्या उन्हात? कालच तर मी तिकडून आले. जेवलात काय?"

"बस. सांगायचे आहे."

"अरे देवा, आप्पांना सांगायचं हाय." ती हसली, सुजलेल्या डोळ्यांनी हसली. "थांबा, पक्कड आनते."

मी उभ्यानेच सांगितले. दुपार, पाणी, बांध, कडी. तू गाळलेस ते चिकूही सांगितले. सूप चालूच होते. कोंडा माझ्या धोतरावर येत होता. मग सूप थांबले.

"मला पेला आठवतो," ती म्हणाली. "पितळंचा. कोनी दिला ते नाय आठवत."

"मी."

"ताईला म्हाईत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आनी तुमाला चा देत ऱ्हायली?"

"उंबरठ्यावरून."

तिला ते कळले. तिने तोंडाला पदर लावला. मी म्हणालो, "चुकलो."

"मला काय बोलता?" ती उठून एकदम ओरडली. शेजारची बाई कुंपणावरून पाहू लागली. "तिला बोलायचं होतं! एकोनीस वर्सं तुमच्या दारात उबी होती ती. मला काय बोलता?"

 सुमन, तो शब्द तुझा होता. तो मी चुकीच्या पत्त्यावर दिला, आणि बरोबर पत्ता आता नाही.

ती पुन्हा बसली. दाण्यांत बोटे फिरवीत राहिली.

"म्हनून तुमी चिकू खात नाय," ती म्हणाली. "आमी दोगी तुमच्या वाटचे खायचो. आप्पांना आवडत नाय, म्हनायचो." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "मी पोरांना सांगते, आप्पांनी आमाला सोडवलं. आता काय सांगू त्यांना?"

"झाले ते सांग."

"जावा तुमी. चारची गाडी हाय. तेराव्याला मी येईन, ताईसाठी येईन. तुमच्याशी बोलंन का नाय, ते आज नाय सांगता येत."

दर वेळी ती मला स्टेशनच्या फाटकापर्यंत सोडायला येते. आज तिने सूप उचलले. मी वळणावरून मागे पाहिले. एवढे तरी या वेळी केले. ती पाखडत होती.

गाडीत, एसटीत, मी तुझ्याशी मनात भांडत आलो. तू मला का सोडलेस? त्या पहिल्या संध्याकाळी माईपुढे एक शब्द बोलली असतीस, तर मला एकदाच शिक्षा झाली असती. तू चहा दिलास. माझ्या आजारपणात पाय चेपलेस, परीक्षेचा पहिला नंबर आधी मला दाखवलास, पहिल्या पगारातून मला नवे भिंग आणलेस. हे कर्तव्य होते, की माया होती, की तू माझ्या बोलण्याची वाट पाहत होतीस? मे महिन्यात तू विचारलेस, तुम्ही नाव सुचवा. आज मी ते सहीनिशी लिहून दिले आहे. तू ते वाचणार नाहीस. 

सहाला घरी पोचलो. कामखोलीत आता कोणाचीच डाय नाही. शेवटची मी चार वर्षांपूर्वी तिच्या मालकाला नेऊन दिली. तरी कुलूप लावीत होतो. दिवा लावायच्या आधी त्या दाराची बाहेरची कडी काढली. चार स्क्रू होते. तीन फिरले. चौथा गंजला होता. तो छिन्नीने तोडला.